दाराखालची वाळू

आमच्या गाडीची एक वही आहे. लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची, वर दादाच्या अक्षरात फक्त 'गाडी' असं लिहिलेली. ऑइल कधी बदललं, टायर कधी फिरवले, कुठल्या घाटात रेडिएटर तापला, सगळं तिच्यात आहे. माझा थोरला भाऊ बँकेत होता. नोंद चुकणं त्याच्या स्वभावात नाही. पण वहीच्या मध्यावर एक नोंद अशी आहे: 'भुईगावच्या मिस्त्रीने नवा पत्रा सांगून जुना घातला. पुन्हा त्याच्याकडे जाऊ नये.' खाली दोन रेघा आहेत, इतक्या दाबून मारलेल्या की पानाच्या मागे त्या बोटाला लागतात.

अख्ख्या वहीत ही एकच नोंद खोटी आहे, आणि ती माझ्यामुळे खोटी आहे. तेव्हा मी तिशीच्या आत होतो, आज बहात्तर वर्षांचा आहे. पुतणी म्हणाली, "काका, शेवटी दोन पानं कोरी आहेत, तुम्हीच लिहा." दोन पानांत मावणार नाही म्हणून सुटे कागद घेतले आहेत. ते नंतर वहीला चिकटवायचे, असं ठरलं आहे.

गाडीचं नाव सांगत बसत नाही. मुंबईतल्या जुन्या काळ्यापिवळ्या टॅक्सी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांनी तीच डोळ्यांसमोर आणावी, फक्त रंग फिका निळा. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढची सीट सोफ्यासारखी सलग. दादाने ती सेकंडहँड घेतली तेव्हा निर्मळच्या आमच्या आळीत सायकली होत्या, दोन स्कूटर होत्या, आणि एवढी एकच चारचाकी. आमची केळीची बाग, फुलझाडं, त्यातून काढलेली वाट, आणि त्या वाटेच्या शेवटी शेडमध्ये ही निळी बाई उभी. वहिनी गाडीला बाईच म्हणायची. "गेले तुमचे दादा बाईला आंघोळ घालायला," असं ती रविवारी सकाळी मला सांगायची.

गाडीच्या पत्र्याचं काम भुईगावचे मिस्त्री करत. दादाचे ते शाळेतले मित्र, एका बाकावर बसलेले. मी त्यांना भाऊ म्हणायचो. ते मला धाकट्या म्हणत, आजही म्हणतात. समुद्रकाठी पत्र्याची गाडी ठेवायची म्हणजे काय, ते दादाला त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "इथे गंज म्हणजे घरमालक. आपण भाडेकरू. रोज हटकत राहायचं, एवढंच." दर दोन-तीन वर्षांनी ते गाडीचा खालचा भाग तपासत, कुजलेलं कापून काढत, नवा पत्रा जोडत.

दोन्ही घरांची ये-जा होती. दिवाळीला आमच्याकडून करंज्या-चकल्या जायच्या, नाताळात त्यांच्याकडून फुगे यायचे, गोडसर, नुकते तळलेले. आणि आलेलं ताट रिकामं परत पाठवायचं नाही, ही दोन्ही घरांची रीत. नाताळातलं ताट आमच्याकडे राहायचं आणि दिवाळीत भरून जायचं. मग नाताळात तेच पुन्हा भरून यायचं. त्यांचं ताट निळ्या काठाचं होतं, पत्र्यावर पांढरा मुलामा दिलेलं. त्या ताटाबद्दल पुढे लिहायचं आहे.

माझं लग्न झालं त्या वर्षी एप्रिलमध्ये दादा ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर पुण्याला गेला. जाताना गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "रोज दहा मिनिटं इंजिन चालू ठेव. लांब नेऊ नकोस." मिस्त्रींनी दोनच महिन्यांपूर्वी खालचा सगळा पत्रा नवा घातला होता. बायको नवी होती, गाडी दादाची होती, आणि शहाणपण कोणाकडेच नव्हतं. मी बायकोला घेऊन कळंबच्या समुद्रावर गेलो.

ओहोटी होती. ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी कडक वाटत होती. बायको म्हणाली, "इथून चालवता येईल?" तिने नुसतं विचारलं होतं. मी ते आव्हान समजलो. अर्धा मैल गाडी इतकी सुरेख धावली की काय सांगू. मग फोटोसाठी थांबवली. थांबलेल्या गाडीखाली ओली वाळू सरकते, हे मला माहीत नव्हतं. चाकं रुतली. मी गिअर टाकत राहिलो, ती खोल जात राहिली, आणि भरती आली.

पाणी दाराच्या खालच्या कडेच्या वीतभर वर आलं तेव्हा किनाऱ्यावरची माणसं दोर घेऊन धावली. होड्या ओढायची त्यांना सवय. आठ-दहा जणांनी "हैसा" करत गाडी वर काढली. बायकोची एक चप्पल समुद्रात गेली. ती दुसरी हातात धरून उभी होती आणि हसू दाबत होती. मी रडायच्या बेतात होतो.

तिथल्या एका म्हाताऱ्या नाखव्याला माझी दया आली. होड्या वर ओढून पावसाळ्यासाठी तयार करायचं काम चाललं होतं. होडीच्या तळाला डांबर लावण्यासाठी पिंप तापत होतं. तो म्हणाला, "घाबरतंस कशाला? खालून डांबर फासून देतो. आमच्या होरीला लावतो तसा. मंग पानी शिवनार नाय, दहा वर्सं बगायला नको."

मला तो देवच भेटल्यासारखं वाटलं. आम्ही किनाऱ्याची माणसं. होडी कशी टिकते हे लहानपणापासून बघत आलेलो. जे होडीला चालतं ते गाडीला का चालू नये? होडी लाकडाची असते आणि खाऱ्या पाण्याने लाकूड उलट टिकतं, हे मनात आलंच नाही. गाडीच्या दारांखाली दोन्ही बाजूंना लांब पोकळ पेटी असते. तिच्यात समुद्राचं पाणी आणि वाळू भरली होती. तिला खाली पाणी निघून जायला भोकं असतात. डांबराने ती भोकंही बुजली. मी मीठ आत कोंडलं आणि वरून सील केलं.

घरी आणून तीन दिवस गाडी बाहेरून धुतली. दादा परत आला, वाकून खाली बघितलं, काळाकुळकुळीत चकचकीत तळ दिसला. मी म्हणालो, "पावसाळ्यासाठी लावून घेतलं." दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी आळीत सगळ्यांना सांगितलं की धाकटा माझ्यापेक्षा गाडीला जास्त जपतो. वहीतही ते आहे: 'धाकट्याने खालून डांबर लावून घेतले. उत्तम काम.' मिस्त्रींवरच्या नोंदीच्या आधी चार पानं.

दोन वर्षं गाडी वरून छान दिसत होती. मग एकदा निर्मळच्या तळ्यापाशी वहिनी गाडीत चढली, बसली, पाय टेकवला, आणि पाय खाली रस्त्यावर टेकला. पत्रा पापडासारखा मोडला होता. पोटरीला घोट्यापासून वर लांब कापलं, टाके पडले. वहिनी त्या अवस्थेतही म्हणाली, "अहो, ब्रेक लागत नसेल तर सांगा, मी पायाने थांबवते."

दादा हसला नाही. त्याच दुपारी गाडी ढकलत-ओढत भुईगावला नेली. मीही होतो. गॅरेजमध्ये दादा मिस्त्रींना जे बोलला ते इथे लिहीत नाही. सारांश एवढाच की तू नवा पत्रा सांगून भंगारातला घातलास, माझ्या बायकोचा पाय जायचा होता. मिस्त्रींनी आडवं होऊन भोकात हात घातला आणि मूठभर काळी ओली वाळू बाहेर काढली.

"ही बघ. ही माझ्या गॅरेजातली नाही. ही समुद्राची. हात लावून बघ."

दादाने हात पुढे केला नाही. त्याने मान वळवून मला विचारलं, "तू कधी समुद्रावर नेली होतीस?"

मी म्हणालो, "नाही."

"हा नाही म्हणतोय," दादा मिस्त्रींना म्हणाला.

मिस्त्रींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग मूठ उघडली, वाळू खाली टाकली आणि पँटला हात पुसला.

त्या वर्षी दिवाळीला करंज्या गेल्या नाहीत. नाताळात फुगे आले नाहीत. आदल्या नाताळातलं त्यांचं निळ्या काठाचं ताट आमच्याकडेच राहिलं. रिकामं परत करायचं नाही ही रीत, आणि भरून द्यायचं तर बोलणं नाही. वहिनीने ते पुसून फडताळात उभं करून ठेवलं. कधीतरी काठाचा एक टवका उडाला आणि तिथे तांबूस ठिपका धरला. वहिनी दर दिवाळीला तो चिंचेने घासायची, वर खोबरेल तेलाचं बोट फिरवायची आणि ताट परत जागेवर ठेवायची. मी बघायचो आणि विषय बदलायचो.

मी आयुष्यभर एका कारखान्यात तपासनीस होतो. दुसऱ्यांच्या कामातला दोष शोधायचा, नसला तर शिक्का मारायचा. माणसं म्हणायची, याच्या नजरेतून काही सुटत नाही. बायकोला हे ऐकून फार गंमत वाटायची. तिने माझी कधी चहाडी केली नाही, पण सोडलंही नाही. मी घरात जरा आवाज चढवला की ती शांतपणे म्हणायची, "बोला, वाळूवाले, बोला." मुलांना वाटायचं हे काहीतरी लाडाचं नाव आहे.

दादाच्या शब्दाला गावात वजन होतं. बँकेतला माणूस, खोटं बोलणार नाही. आमच्या बाजूची गिऱ्हाईकं हळूहळू मिस्त्रींकडे जायची थांबली. बाजारात ते समोरून आले की मी भाजीच्या टोपल्यांत डोकं घालायचो. आणि बारा वर्षांपूर्वी मिस्त्रींची बायको गेली. एकाच बाकावर बसलेल्या मित्राची बायको, जिच्या हातचे फुगे आम्ही इतकी वर्षं खाल्ले. आमच्या घरातून मयताला कोणी गेलं नाही.

गाडी पुढे दुसऱ्याच कोणीतरी ठिगळं लावून चालवण्यासारखी केली. ती चालली, थांबली, चालली, आणि पंधरा वर्षांपूर्वी शेडमध्ये कायमची उभी राहिली. गेल्या वर्षी दादाची दृष्टी फारच मंदावली. मधोमध काळा डाग आणि कडेने थोडं दिसतं, असं तो सांगतो. पुतणी विरारला फ्लॅटमध्ये राहते, नोकरी करते. ती एका रविवारी आली आणि म्हणाली, "बाबा, एकतर गाडी पुन्हा चालती करू, नाहीतर भंगारवाल्याला बोलावते. केळीत लपवून ठेवलेली बघवत नाही."

"चालती कर," दादा म्हणाला. "मला एकदा तिचा आवाज ऐकू दे."

पुतणीने विरारला, नालासोपाऱ्याला चार गॅरेजं पालथी घातली. जुना पत्रा म्हटल्यावर चौघांनीही एकच पत्ता दिला. भुईगावला एक म्हातारे मिस्त्री आहेत. गॅरेज आता त्यांचा पुतण्या बघतो, पण अवघड काम असलं की ते खुर्ची टाकून बसतात. ती गेली. आपण कोणाची मुलगी तेही सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "गाडी इकडे आण. त्या घराची पायरी मी चढणार नाही. गाडीने माझं काही वाईट केलेलं नाही."

दादाला मी विचारलं, "चालेल तुला?"

"काम येतं त्याला," दादा म्हणाला. "दानत नव्हती, हात चांगला होता."

दानत हा शब्द मला लागला. चाळीस वर्षं लागायला हवा होता, तो तेव्हा लागला.

गाडी टो करून गेली. आठवड्याने पुतणीचा फोन आला. "काका, मंगळवारी ते दाराखालच्या पेट्या कापून उघडणार आहेत. म्हणतात, सगळी गोष्ट तिथे आहे." तिने ते सहज सांगितलं. मी फोन ठेवला तेव्हा बायको समोर मटार सोलत होती. तिने मान वर न करता विचारलं, "किती दिवस आहेत?"

"तीन."

"मग तीन दिवस आहेत," ती म्हणाली.

मी त्याच संध्याकाळी दादाच्या अंगणात गेलो. आमची दोन घरं एकाच बागेत आहेत, मध्ये फक्त चाफ्याची दोन झाडं. दादा खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होता. मी रेडिओ बंद केला आणि सांगितलं. कळंब, फोटो, भरती, दोर, डांबर. आणि ते 'नाही'.

त्याने पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठवर आलं होतं?"

"दाराच्या कडेच्या वीतभर वर."

"किती वेळ?"

"तास-दीड तास असेल."

त्याने मान हलवली, जणू नोंद करून घेतोय. मग डोळ्यांच्या कडेने माझ्याकडे बघितलं. त्याला माझा चेहरा दिसत होता की नाही कोण जाणे. "तू नाही म्हणालास," तो म्हणाला, "आणि मी त्याला चोर म्हणालो." उठला, भिंतीला हात लावत आत गेला. त्यानंतर सतरा दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी रोज सकाळी जायचो, ओट्यावर बसायचो. वहिनी चहा आणून द्यायची. "बोलणं त्यांचं बंद आहे, माझा चहा नाही."

एकदा मी म्हणालो, "वहिनी, तुमचा पाय..."

"पाय माझा मी कधीच विसरले, भाऊजी." ती कपबशी उचलता उचलता थांबली. "तिच्या मयताला मी गेले नाही, ते नाही विसरले. तेवढं तुम्ही भरून देऊ शकत नाही. पण बाकीचं द्या."

ठरल्याप्रमाणे मंगळवारी मी भुईगावला गेलो. अरुंद वाटा, दोन्ही बाजूंना कुंपणं, शेवटी गॅरेज. मिस्त्री आता वाळून अर्धे झाले आहेत, हात कापतात, पण खुर्चीत ताठ बसले होते. गाडी लाकडी ठोकळ्यांवर उचललेली होती. पुतण्या यंत्र हातात घेऊन कापायच्या तयारीत होता. मी म्हणालो, "भाऊ, कापण्याआधी मला काही सांगायचंय."

"वाळू कळंबची आहे ते ना?"

मी त्यांच्या खुर्चीशी खाली बसलो.

"अरे धाकट्या, वाळू मी तेव्हाच ओळखली होती. भुईगावची वाळू कळंबच्या वाळूपेक्षा वेगळी. आणि होडीचं डांबर कोणी गाडीला लावतं?" ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला. पुतण्याने पाणी दिलं. "अख्ख्या वसईत एकच शहाणा निघाला. मी म्हटलं, पुढच्या वर्षी हा गाडीला शीड लावणार."

"मग तुम्ही दादाला माझं नाव का नाही सांगितलंत?"

हसणं थांबलं. "मी सांगून काय झालं असतं? वाळू हातात घेऊन उभा होतो. त्याने बघितली नाही. तू नवं लग्न झालेलं पोर, घाबरलास, खोटं बोललास. तुझा राग दोन-चार वर्षं होता, गेला. पण तो माझ्या बाकावरचा. त्याने हातसुद्धा पुढे केला नाही." त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. "तुझं ऐकून घेतलं. आता त्याचं त्याच्यापाशी."

म्हणजे मी कबूल करून भागणार नव्हतं. मी परत निघालो तशी मागून हाक आली, "चाललास कुठे? डांबर कोण काढणार? ज्याने लावलं त्याने."

तेव्हापासून अडीच महिने, आठवड्यातले चार दिवस मी गाडीखाली होतो. बहात्तराव्या वर्षी. चटईवर पाठ टेकायची, हातात पातळ पात्याचं उलथनं, तोंडाला फडकं. डांबर जिथे घट्ट होतं तिथे मला वाटायचं, इथे ठीक आहे. मिस्त्री खुर्चीतून हातोडीच्या दांड्याने ठोकायला सांगत. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. बहुतेक ठिकाणी जितकं डांबर चकचकीत तितका आवाज बद्द. डांबर निघालं की त्याच्याबरोबर पत्राही पापुद्र्यांनी हातात यायचा, ओल्या बिस्किटासारखा.

"झाकला की गंज खुशीत वाढतो," मिस्त्री म्हणत. "उघडा ठेव, कोरडा ठेव, डोळ्यांसमोर ठेव. मग तोही राहतो, गाडीही राहते."

"जात नाही का पूर्ण?"

"इथे? समोर समुद्र आहे बाबा. जाणार कुठे?"

पुतण्याने एकेक भाग कापला, नवा पत्रा ठोकून वळवला, जोडला. जे वाचण्यासारखं होतं ते मिस्त्रींनी फेकू दिलं नाही. तारेच्या ब्रशने घासायचं, गंजावरचं औषध लावायचं, दुसऱ्या दिवशी धुवून, पुसून, उन्हात वाळवायचं आणि मगच लाल प्रायमर. घाई केली की ते ओरडत. पेटीच्या तळाची भोकं त्यांनी माझ्याकडून मोजून उघडून घेतली. एकेका बाजूला चार. मी रोज सकाळी आल्या आल्या त्यांत काडी घालून बघायचो.

पेट्यांतून निघालेली वाळू मी टाकली नाही. पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवली. का ठेवली ते तेव्हा माहीत नव्हतं.

अठराव्या दिवशी दादा बोलला. "डांबर निघालं?" एवढंच. मी म्हणालो, "अर्धं." त्यानंतर तो रोज विचारायचा, आणि मी दिवसाचं काम सांगायचो. ऐकता ऐकता तो बारीक प्रश्न काढायचा. पत्रा किती जाड घातला, जोड आतून घासला का, भोकं ठेवली का. एकदा म्हणाला, "त्याच्या हाताला अजून गुण आहे म्हणजे." पण भुईगावला येतोस का, असं विचारलं की तो रेडिओ लावायचा. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. जे चाळीस वर्षं बरोबर म्हणून धरलं ते सोडायचं म्हणजे काय, ते मला कळत होतं. मला भीती एवढीच होती की गाडी होईल, आणि दोघांपैकी एकजण त्याआधीच जाईल.

मार्चमध्ये गाडी झाली. पुन्हा तोच फिका निळा. पुतणीने कागदपत्रांसाठी किती खेपा घातल्या ते तीच लिहील. मिस्त्रींचा निरोप आला: "मालकाने येऊन न्यावी. दुसऱ्या कोणाच्या हातात देणार नाही."

मी निरोप सांगितला. वहिनी उठून आत गेली. फडताळाचं दार वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात निळ्या काठाचं ताट होतं, आणि त्यावर आमच्या बागेतल्या राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवलेली सुकेळी केळीच्या सोपटात बांधलेली, दोन पुड्या. "मी चालले," ती म्हणाली. "ताट द्यायचंय. तुम्ही येणार असाल तर चपला घाला."

दादाने चपला घातल्या.

पुतणीच्या गाडीतून आम्ही पाचजण गेलो. वाटेत माझी बायको एकदा हळूच म्हणाली, "वाळूवाले, डबा घेतलात ना?" तो माझ्या मांडीवरच होता.

मिस्त्री दारात उभे होते, खुर्चीत नाही. दादा पुतणीचा हात धरून उतरला. दोघं समोरासमोर आले. एकाला दिसत नाही, एकाचे हात कापतात. मी विचार केला होता की मी काहीतरी बोलेन, सुरुवात करून देईन. त्याऐवजी मी डब्याचं झाकण काढलं आणि डबा मिस्त्रींच्या हातात दिला.

त्यांना लगेच समजलं. त्यांनी डबा दादाच्या पुढे धरला. हात कापत होते, वाळू आत सरकून आवाज करत होती.

"हात लावून बघ," ते म्हणाले.

दादाने हात पुढे केला, चाचपडत. बोटं आधी डब्याच्या कडेला लागली, मग आत गेली. त्याने मूठ भरली आणि अंगठ्याने चोळली, जसं आम्ही बी पेरण्याआधी माती चोळतो तसं. बराच वेळ चोळत राहिला.

"समुद्राची आहे," तो म्हणाला.

"हेच सांगत होतो," मिस्त्री म्हणाले.

"हो. तू हेच सांगत होतास." दादाने हात डब्यातून काढला नाही. "तुझी बायको गेली तेव्हा मी तुझ्या आळीच्या टोकापर्यंत आलो होतो. तिथून परत फिरलो."

"माहीत आहे. पोरांनी सांगितलं होतं मला." ते म्हणाले, "टोकापर्यंत आलास. ठीक आहे."

हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. वहिनीने पदराने तोंड पुसलं आणि ताट पुढे केलं. मिस्त्रींनी काठावरच्या तांबूस ठिपक्यावर बोट फिरवलं. "वहिनी, हे इतकं कसं राहिलं? एव्हाना आरपार व्हायला हवं होतं."

"दरवर्षी घासते. तुमचंच शिकवलेलं ना, रोज हटकायचं."

"ताट आता नाताळात येईल. फुगे करायला सून आहे. ती तिच्यासारखे करत नाही, पण करते."

"नाताळाला नऊ महिने आहेत," दादा म्हणाला. "आपण असू का?"

"ताट राहील," मिस्त्री म्हणाले, आणि दोघं मिस्त्रींच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलून हसले. ते मी ऐकलं, पण इथे लिहिण्यासारखं नाही. शाळेच्या बाकावरचं होतं.

मग दादाने गाडीच्या पुढच्या सीटवर बसून किल्ली फिरवली. त्याला आवाज ऐकायचा होता, तो त्याने डोळे मिटून ऐकला. वहिनी मागे बसायला निघाली तशी मिस्त्रींनी तिला थांबवलं, वाकून मुठीने तळाचा पत्रा ठोकला. खणखणीत वाजला. "बसा. नाचलात तरी चालेल." वहिनीने बसून आधी एक पाय टेकवला, मग दुसरा, मग खरोखरच दोन्ही पाय आपटले.

स्टिअरिंगवर मी होतो. निघताना मिस्त्री खिडकीत वाकले. उजव्या मागच्या चाकाच्या कमानीत, आतल्या बाजूला, रुपयाएवढा गंजाचा डाग त्यांनी मुद्दाम घासून, औषध लावून तसाच ठेवला होता. कापला असता तर शेजारचा जुना चांगला पत्राही गेला असता. "दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी इकडे आणायची. मी तो डाग बघणार. वाढला तर तुझ्यामुळे."

"दादाला आणू?"

"गाडी एकटी येते का?"

गेले पाच महिने आम्ही जातो आहोत. डाग आहे तेवढाच आहे. पावसाळ्यात मी दर दोन दिवसांनी खाली वाकून भोकांत काडी घालतो, फडक्याने कमान पुसतो. पाठ दुखते. दोघं म्हातारे आत खुर्च्या टाकून बसतात आणि गाडीबद्दल पाच मिनिटं बोलतात, बाकी दोन तास इतर सगळ्याबद्दल.

वहीतली ती नोंद खोडायची का, असं मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "नोंद खोडत नाहीत. खाली दुरुस्ती लिहितात." त्याने सांगितलं आणि मी त्या दोन रेघांखाली लिहिलं: 'वरील नोंद चुकीची आहे. मिस्त्रीने पत्रा नवाच घातला होता. काम चोख होते. वाळू हात लावून पाहिली.' खाली त्याने अंदाजाने सही केली, ओळीच्या जरा वर गेली आहे. शेजारी मी माझी केली.